कुलाब्याचे शनिवार तेली व ‘कर’ आडनांवें : एका सामान्य पूर्वजाचा माग

(१)

ज्या घराण्यांत वतन, इनाम किंवा सरंजाम चालत आला, त्या घराण्याचा इतिहास लिहिणें श्रमाचें असलें तरी अशक्य नसतें. सनदा, महजर, निवाडपत्रें, वांटणीपत्रें असा कागदांचा संग्रह त्याच्या दप्तरांत बहुधा सांपडतो. आणि वतनाचा तंटा उपस्थित झाला म्हणजे वंशावळ लिहून हजर करावी लागत असल्यामुळें पांच-सात पिढ्यांचीं नांवेंही अनायासें हातीं लागतात. परंतु ज्यानें घाणा चालविला, नांगर धरला, होडी वल्हविली किंवा फलटणींत बंदूक खांद्यावर घेतली, त्याच्या मागें सनद राहिली नाहीं, वाडा राहिला नाहीं, वंशावळही राहिली नाहीं. त्याच्या वंशजाजवळ पुष्कळदां एकच वस्तु शिल्लक असते, ती म्हणजे आडनांव. ह्या एका शब्दावरून त्या मनुष्यापर्यंत कितपत पोंचतां येतें, व पोंचतांना पाय कोठें घसरण्याचा संभव असतो, हें एका प्रत्यक्ष उदाहरणावरून दाखवावें, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

उदाहरण घेतलें आहे तें जुन्या कुलाबा जिल्ह्यांतील, म्हणजे १९८१ सालापासून ज्यास रायगड जिल्हा म्हणतात त्यांतील, बेने इस्राएल लोकांचें. ह्या ज्ञातीची निवड करण्याचें कारण असें कीं, गोत्र, प्रवर, देवक, कुलदैवत हीं जीं साधनें इतर ज्ञातींच्या बाबतींत आडनांवाच्या जोडीला उपयोगी पडतात, त्यांपैकीं येथें एकही नाहीं. त्यामुळें केवळ आडनांव काय सांगतें व काय सांगत नाहीं, हें येथें निर्भेळपणें तपासतां येतें.

(२)

प्रथम आडनांवाच्या स्वरूपाविषयीं थोडेंसें लिहिणें अवश्य आहे. आडनांव म्हणजे रक्ताचा दाखला, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. परंतु मराठ्यांच्या इतिहासांतील सुप्रसिद्ध घराण्यांकडे पाहिलें तरी ती टिकत नाहीं. श्रीवर्धनच्या देशमुखांचें आडनांव भट. १७१३ सालीं शाहू छत्रपतींनीं बाळाजी विश्वनाथास पेशवेपदाचीं वस्त्रें दिलीं, आणि पुढें हुद्दा तेंच त्या घराण्याचें नांव झालें. शिवछत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी हे मूळचे चित्रे. त्यांचे वंशज चिटणीस म्हणून ओळखले जाऊं लागले. इचलकरंजीच्या घराण्याचे मूळपुरुष नारो महादेव हे जोशी. त्या घराण्यानें आपले धनी घोरपडे ह्यांचें आडनांव धारण केलें, आणि एक ब्राह्मण घराणें घोरपडे म्हणून प्रसिद्धीस आलें. मल्हारराव (१६९३–१७६६) हे नीरेकांठच्या होळ गांवचे, म्हणून होळकर. म्हणजे हुद्दा, धनी आणि गांव ह्या तीन गोष्टींनीं हीं आडनांवें घडविलीं. त्यांपैकीं एकीचाही रक्ताशीं संबंध नाहीं.

ह्यांतील ‘कर’ प्रत्ययाची एक विशेष गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. होळ गांवांत राहणाऱ्या मनुष्यास होळचे लोक होळकर म्हणणार नाहींत, कारण तेथें सर्वच होळचे. मनुष्य आपलें गांव सोडतो, परक्या ठिकाणीं जाऊन राहतो, आणि तेथील लोक ‘हा कोठला?’ असें विचारूं लागतात, तेव्हां ‘कर’ उत्पन्न होतो. विंचूरकर, इचलकरंजीकर अशीं जीं नांवें जहागिरीच्या ठाण्यावरून पडलीं, तीं अर्थात् ह्या नियमाला अपवाद होत. परंतु ज्याला जहागीर नव्हती, त्याच्या बाबतींत हा नियम बहुतेक खरा ठरतो. सारांश, सामान्य मनुष्याच्या आडनांवांतील ‘कर’ हें प्रयाणाचें चिन्ह आहे. आणि तें त्यानें स्वतः होऊन घेतलेलें नसून दुसऱ्यांनीं त्यास दिलेलें आहे. ह्या दुसऱ्या गोष्टीचें महत्त्व पुढें दिसून येईल.

(३)

बेने इस्राएल म्हणजे इस्राएलाचीं लेंकरें. त्यांची परंपरा अशी सांगते कीं, अतिप्राचीन काळीं त्यांच्या पूर्वजांचें गलबत चौल बंदराच्या उत्तरेस नवगांवच्या किनाऱ्यावर फुटलें. सात पुरुष व सात स्त्रिया एवढीं माणसें वांचलीं. आणि समुद्रानें बाहेर टाकलेलीं प्रेतें नवगांवांतच पुरण्यांत आलीं. ह्या कथेला समकालीन लेखाचा आधार नाहीं. १७३८ सालीं सार्टोरियस नांवाच्या मिशनऱ्याच्या लेखांत सुरत व राजापुरी येथील अशा लोकांचा उल्लेख येतो. त्याच्या मागचा सर्व काळ परंपरेच्या स्वाधीन आहे. तेव्हां संशोधकानें गलबताची कथा नाकारूंही नये व तिच्यावर इमारतही उभारूं नये, हें उत्तम.

जें निश्चित आहे तें असें. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत हे लोक कुलाब्याच्या किनाऱ्यालगत गांवोगांवीं थोडथोड्या घरांनीं पसरलेले होते. त्यांची मातृभाषा मराठी. १८३२ सालीं डॉक्टर जॉन विल्सन ह्यांनीं हिब्रू भाषेचें व्याकरण मराठींत छापलें तें मुख्यतः ह्याच लोकांकरितां. आणि १८४६ सालीं वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाची ‘हगादा’ ही पोथी मराठी अर्थासह मुंबईस शिळाछापावर निघाली. त्यांचा धंदा तेल गाळण्याचा. तेली इतर ज्ञातींतही होते. परंतु कोणी सोमवारीं घाणा बंद ठेवीत, तर हे लोक शनिवारीं ठेवीत. एवढ्या भेदावरून शेजाऱ्यांनीं एकांस सोमवार तेली म्हटलें व दुसऱ्यांस शनिवार तेली म्हटलें. १८८३ सालच्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरांत ह्या ज्ञातीचें व तिच्या तेलाच्या धंद्याचें वर्णन आलें आहे.

हें ‘शनिवार तेली’ नांव मोठें अर्थपूर्ण आहे. शेजाऱ्याला त्यांचा धर्मग्रंथ ठाऊक नव्हता, त्यांचे पूर्वज कोठून आले हेंही त्यास ठाऊक नव्हतें. त्यानें जें डोळ्यांनीं पाहिलें तेंच सांगितलें : हा तेली आहे, आणि ह्याचा घाणा शनिवारीं फिरत नाहीं.

(४)

आतां त्यांच्या नांवांकडे पाहूं. घरांत व गांवांत प्रचलित असलेलीं त्यांचीं नांवें समाजी, हसाजी, इसाजी, मुसाजी, अबाजी अशा धर्तीचीं होतीं. हीं अनुक्रमें शमुवेल, यहेज्केल, इसहाक, मोशे व अब्राहाम ह्या नांवांचीं कोंकणी-मराठी रूपें होत. सूर्याजी, संभाजी, कान्होजी ह्या नांवांच्या मेळांत तीं इतकीं बेमालूम बसतात कीं, मोडी यादींत ‘इसाजी बिन मुसाजी’ अशी नोंद आली असतां वाचणाऱ्यास ती कोणा मराठा कुळाची वाटावी. एकट्या नांवावरून येथें ज्ञातीचा निर्णय होत नाहीं; नांव व धंदा हीं दोन्हीं मिळून पाहिलीं तरच होतो. ज्या यादींत धंदा लिहिलेला नाहीं, त्या यादींतून हे लोक अदृश्यच होतात.

आडनांवांची गोष्ट ह्याच्या उलट आहे. नवगांवकर, किहीमकर, झिराडकर, चेऊलकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, दिवेकर अशीं शंभरांहून अधिक आडनांवें ह्या ज्ञातींत आढळतात, आणि त्यांतील बहुतेक कुलाब्याच्या किनाऱ्यावरील व खाड्यांवरील गांवांचीं आहेत. हीं सर्व गांवें नकाशावर मांडलीं असतां ज्ञातीच्या जुन्या वसाहतीचाच नकाशा तयार होतो. नवगांव, किहीम व झिराड अलिबागेच्या आसपास. चेऊल कुंडलिकेच्या मुखाशीं. तीच नदी धरून आंत गेलें म्हणजे एका तीरावर रोहें व समोर अष्टमी. उत्तरेकडे खाडीच्या टोंकास पेण. समुद्रकांठाहून आंत सरकणारी वस्ती खाडीच्या वाटेनें, मचव्यांच्या रहदारीबरोबर गेली असावी, हें अनुमान ह्या मांडणीवरून सहज निघतें. असे अनुमान काढण्यास एकही सनद लागली नाहीं, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

ह्याच आडनांवांत गांवांचे जुने उच्चारही टिकून राहिले आहेत. आज आपण चौल म्हणतों. परंतु शिवकालीन व पेशवेकालीन कागदांत चेऊल असें रूप येतें, आणि चेऊलकर ह्या आडनांवानें तेंच रूप धरून ठेविलें आहे. गांवानें आपलें नांव बदललें तरी गांव सोडून गेलेल्यानें तें बदललें नाहीं.

हीं आडनांवें कायम केव्हां झालीं? एका खेड्यांत तेल्याचीं दोन घरें असतां ‘समाजी तेली’ एवढें पुरतें. पण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत हे लोक मुंबईस येऊं लागले, इंग्रज कंपनीच्या पलटणींत भरती होऊं लागले, आणि वेगवेगळ्या गांवांचे समाजी, हसाजी एकाच मोहल्ल्यांत राहूं लागले. तेव्हां हा दिव्याचा समाजी व तो पेणचा समाजी असा भेद करणें भाग पडलें. कागदोपत्रीं स्थिर झालेलीं हीं आडनांवें ह्यास्तव बहुतांशीं मुंबईचीं अपत्यें आहेत, जरी त्यांत नांव खेड्याचें असलें तरी.

(५)

आतां एकच आडनांव घेऊन त्याच्या मागें जाऊं. ह्या ज्ञातींतील ज्या पुरुषाचें नांव मुंबई शहराच्या इतिहासांत प्रथम ठळकपणें येतें, तो समाजी हसाजी दिवेकर; इंग्रजी लेखांत ह्यासच सॅम्युएल इझिकेल दिवेकर म्हणतात. हा कंपनीच्या मुंबई फौजेंत एतद्देशीय अंमलदार होता. १७८० ते १७८४ पर्यंत हैदर व टिपू ह्यांच्याशीं जें युद्ध झालें, त्यांत तो कैद झाला व पुढें सुटून आला. १७९६ सालीं त्यानें मुंबईस मांडवी भागांत आपल्या लोकांचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. त्याचें हिब्रू नांव ‘शाआर हारहमीम’, म्हणजे दयेचें द्वार. मराठींत त्यास जुनी मशीद म्हणतात. तेथील रस्त्यास सॅम्युएल स्ट्रीट हें नांव मिळालें. मंदिराकरितां धर्मग्रंथाची गुंडाळी आणावी म्हणून तो कोचीस गेला, आणि १७९७ सालीं तेथेंच वारला. कैदेंत असतां टिपूच्या मातेच्या रदबदलीनें प्राण वांचला, ही कथा ज्ञातींत श्रद्धेनें सांगतात. ती परंपरा म्हणूनच ठेवावी.

परंतु समाजी हा आमचा सामान्य पूर्वज नव्हे. त्यानें इमारत बांधली, रस्त्यास नांव दिलें. तो इतिहासांत आला. आमचा शोध आहे तो त्याच्या बापाचा, हसाजीचा. हसाजीविषयीं आपल्या हातीं काय आहे? मुलाच्या नांवांतील तीन शब्द, एवढेंच. समाजी हा पहिला शब्द सांगतो कीं, बापानें मुलाचें नांव ठेवितांना आपली जुनी नांवें सोडलीं नव्हतीं. हसाजी हा दुसरा शब्द एक पिढी देतो. दिवेकर हा तिसरा शब्द गांव देतो.

गांव कोणतें, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. दिवें ह्या किंवा ह्यासारख्या नांवाचीं गांवें महाराष्ट्रांत अनेक आहेत. पुण्याहून सासवडास जातांना घाटाला ज्याचें नांव मिळालें तें दिवें तर सर्वांस परिचित आहे. एकट्या आडनांवावरून ह्यांतून निवड करूं गेल्यास ती लहरीची होईल. परंतु ह्या ज्ञातीच्या इतर आडनांवांचा जो नकाशा वर दिला, तो संबंध कुलाब्याच्या किनाऱ्याचा आहे. त्या मंडळांत पुरंदराकडील दिवें बसत नाहीं, श्रीवर्धनच्या उत्तरेचें दिवेआगर बसतें. एका आडनांवाचा निर्णय त्याच्या सोबत्यांवरून करावा, हा नियम ‘पिंपळगांवकर’, ‘वडगांवकर’ अशा आडनांवांच्या बाबतींत तर फारच उपयोगी आहे, कारण तेथें एका नांवाचीं डझनांनीं गांवें असतात.

दिवेआगर हें जुनें गांव. शके ९८२ (इ. स. १०६०) चा तेथील ताम्रपट मराठी भाषेच्या प्राचीनतम ताम्रपटांपैकीं एक म्हणून अभ्यासकांस ठाऊक आहे. नारळी-पोफळीच्या वाड्या, देवळें व ब्राह्मणवस्ती असें हें गांव. अशा गांवांत तेल्याची गरज कायमची : देवापुढील नंदादीपास तेल, स्वयंपाकास तेल, अंगास तेल. तेली हा अलुतेदारांत गणला जाई, आणि धंद्यावरील मोहतर्फा नांवाचा कर त्यास पडे. हसाजी खरोखरच दिवेआगरास घाणा चालवीत असला, तर त्याचा आयुष्यक्रम ह्यापेक्षां फारसा निराळा नसावा : आठवड्याचे सहा दिवस बैलामागें फिरणें, शनिवारीं घाणा थांबविणें, सालाअखेर मोहतर्फा भरणें. ‘असला, तर’ हे शब्द मात्र काढून टाकतां येत नाहींत. आडनांव गांव सांगतें, पिढी सांगत नाहीं. हसाजीनें स्वतः गांव सोडलें, कीं त्याच्या बापानें, कीं समाजी हाच प्रथम बाहेर पडला, ह्याचा निर्णय ‘दिवेकर’ ह्या शब्दांत नाहीं.

येथें एक तुलना सुचते. श्रीवर्धन व दिवेआगर हीं एकाच किनाऱ्यावरचीं, जवळजवळचीं गांवें, आणि त्या टापूंत अंमल जंजिऱ्याच्या सिद्दीचा. श्रीवर्धनच्या भटांनीं गांव सोडलें, ते देशावर आले, आणि हुद्द्यावरून पेशवे झाले. दिव्याच्या तेल्यानें गांव सोडलें, तो मुंबईस गेला, आणि गांवावरून दिवेकर झाला. एका घराण्याच्या प्रत्येक हालचालीचा कागद आज पुण्याच्या पेशवे दप्तरांत शोधतां येतो. दुसऱ्याच्या हालचालीचा सर्व इतिहास त्या एका प्रत्ययांत सांठविलेला आहे.

(६)

आडनांवावरून काय अनुमान काढूं नये, हेंही सांगितलें पाहिजे. कारण घराण्यांचे इतिहास लिहिणारांचे बहुतेक प्रमाद ह्याच ठिकाणीं होतात.

एक, आडनांव समान म्हणून कुळ समान नव्हे. कवीन्द्र परमानन्दाचें शिवभारत १९२७ सालीं संपादून प्रसिद्ध करणारे सदाशिव महादेव दिवेकर ह्यांचें नांव ह्या पत्राच्या वाचकांस नित्य परिचयाचें आहे. त्यांचें व समाजी हसाजीचें आडनांव एकच. तेवढ्यावरून दोहोंचा मूळपुरुष एक असें कोणी म्हणणार नाहीं, कारण येथें धर्मभेद डोळ्यांसमोर आहे. परंतु जेथें असा भेद डोळ्यांसमोर नसतो, तेथें दोन दिवेकर, दोन पेणकर किंवा दोन चेऊलकर एका वंशावळींत बसविण्याचा मोह सहज होतो. गांवावरून पडलेलें नांव गांवांतून निघालेल्या कोणाही मनुष्यास पडतें, मग तो ब्राह्मण असो, कोळी असो कीं तेली असो.

दोन, आडनांव नाहीं म्हणून कुळ नाहीं असें नव्हे. प्रत्यय गळतो व मूळ गांवच आडनांव होऊन बसतें. डॉक्टर जेरूशा झिराड ह्या प्रसिद्ध स्त्रीवैद्यांच्या घराण्याच्या नांवांत तसें झालेलें दिसतें. कधीं आडनांव समूळ नाहींसें होतें. ‘बूट पॉलिश’ (१९५४) ह्या बोलपटामुळें सर्व हिंदुस्थानास ठाऊक झालेले नट डेव्हिड ह्यांचें पूर्ण नांव डेव्हिड अब्राहाम चेऊलकर. परंतु पडद्यावर आलें तें एकटें डेव्हिड. शंभर वर्षांनीं कोणी त्यांचें मूळ शोधूं लागला आणि केवळ बोलपटांच्या जाहिरातीच त्याच्या हातीं लागल्या, तर चेऊल गांवापर्यंत तो कधींच पोंचणार नाहीं.

तीन, आडनांवाची व्युत्पत्ति म्हणजे घराण्याचा इतिहास नव्हे. शब्द कसा झाला हें सांगणें निराळें, आणि तो ह्या घराण्यास केव्हां, कोठें व कोणीं लाविला हें सांगणें निराळें. पहिल्याला कोश पुरतो. दुसऱ्याला कागद लागतो.

(७)

हा सर्व विचार केवळ जिज्ञासेचा आहे, असें कोणास वाटूं नये. सामान्य पूर्वजाचा पुरावा ही किती निकडीची वस्तु होऊं शकते, हें ह्याच ज्ञातीच्या अलीकडील इतिहासांत दिसून आलें. १९४८ सालीं इस्राएल राष्ट्र स्थापन झालें, आणि त्यानंतर ह्या लोकांपैकीं बहुतेक क्रमाक्रमानें तिकडे गेले. तेथील मुख्य धर्मपीठानें १९६२ सालीं विवाह लावणाऱ्या अधिकाऱ्यांस असा आदेश दिला कीं, बेने इस्राएल वधूवरांच्या पूर्वजांची, विशेषतः मातृकुळाची, शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. मिश्रविवाह झाले असतील, घटस्फोट धर्मशास्त्रोक्त झाले नसतील, अशी शंका त्यामागें होती. ज्यांच्या आजानें घाणा चालविला व पणज्यानें पलटणींत चाकरी केली, त्यांनीं वंशावळ आणावी कोठून? ज्ञातीनें ह्या आदेशास जोराचा विरोध केला, निदर्शनें झालीं, आणि १९६४ सालीं तेथील सरकारनें हे लोक सर्वार्थानें यहुदीच होत असें जाहीर केल्यावर धर्मपीठानें आदेशांतील त्यांचा विशेष उल्लेख काढून टाकिला.

वाद मिटला तो राजकीय निर्णयानें. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें त्यांतील पुराव्याचा प्रश्न राहतोच. अशा प्रसंगीं कोणता पुरावा श्रेष्ठ मानावा? आमच्याकडील वतनाच्या तंट्यांत जुने पंच व न्यायाधीश एक गोष्ट आवर्जून पाहत : कागद तंट्यापूर्वींचा कीं तंट्यानंतरचा? तंटा लागल्यावर लिहिलेली वंशावळ कितीही सुसंगत असली तरी ती पक्षकाराची कैफियत होय. त्याच्या उलट, ज्याला तंट्याची वार्ताही नव्हती व ज्याचा त्यांत लाभही नव्हता, अशा तिऱ्हाइताच्या तोंडून सहज निघालेला शब्द अधिक वजनाचा. ह्या कसोटीला ‘शनिवार तेली’ हें नांव पूर्णपणें उतरतें. तें बेने इस्राएलांनीं स्वतःस दिलें नाहीं. तें त्यांच्या गौरवाकरितांही नव्हतें, किंबहुना तेली ह्या शब्दांत थोडी हेटाळणीच होती. आणि इस्राएल राष्ट्राच्या स्थापनेच्या कितीतरी आधींचें तें आहे. वंशजांनीं मोठ्या अभिमानानें लिहून ठेविलेल्या दहा पिढ्यांपेक्षां शेजाऱ्यानें दिलेलें हें टोपणनांव पुराव्याच्या दृष्टीनें बलवत्तर आहे.

ह्या पुराव्याची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. ‘शनिवार तेली’ ह्या नांवानें शनिवार पाळण्याचा आचार सिद्ध होतो. नवगांवचें गलबत सिद्ध होत नाहीं. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिकशास्त्राच्या एका अभ्यासांत ह्या ज्ञातींत हिंदुस्थानी व यहुदी असे दोन्ही अंश आढळल्याचें दाखविलें आहे. त्यानें परंपरेस एका अंगानें दुजोरा मिळतो व दुसऱ्या अंगानें स्थानिक रक्ताचाही स्वीकार करावा लागतो. परंतु हें काम त्या शास्त्राचें. आडनांव व टोपणनांव ह्यांनीं आपलें काम पूर्वींच केलें आहे : मनुष्य कोठें राहत होता, काय करीत होता आणि शेजाऱ्यांच्या दृष्टीस कसा दिसत होता, एवढें त्यांनीं सांगितलें. सामान्य पूर्वजाच्या चरित्राचा सांगाडा ह्याहून फारसा निराळा नसतो.

(८)

शेवटीं संग्राहकांस थोडी विनंती. ह्या ज्ञातीच्या आडनांवांविषयीं व जुन्या चालीरीतींविषयीं आज जी तपशीलवार माहिती मिळते, ती बव्हंशीं हाईम सॅम्युएल किहीमकर ह्यांच्या ग्रंथामुळें. मुंबईंत १८७५ सालीं आपल्या ज्ञातीकरितां शाळा काढणारे हे गृहस्थ. त्यांनीं आपला इतिहासग्रंथ १८९७ सालीं लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७ सालीं, तेल अवीव येथें. मध्यंतरींचीं चाळीस वर्षें तो हस्तलिखितच होता, आणि तो प्रसिद्ध झालेला पाहण्यास ग्रंथकार जिवंत नव्हते. त्या चाळीस वर्षांत वाळवी, पाऊस किंवा एखादा निष्काळजी वारस ह्यांपैकीं एकाचीही गांठ पडती, तर शेंकडों घराण्यांची स्मृति एकदम नाहींशी झाली असती.

संग्राहक सनद जपून ठेवतो, तिच्यावरील शिक्क्याचा ठसा घेतो. आणि त्याच रुमालांतील कुळांची यादी, मोहतर्फ्याचा तेरीज, महजराखालील साक्षीदारांची ओळ हीं किरकोळ म्हणून बाजूला सारतो. नक्कल करणारा पुष्कळदां ‘येणेंप्रमाणें साक्ष’ एवढें लिहून थांबतो, आणि साक्षीदारांचीं नांवें गाळतो. वतनदाराचा निकाल त्या महजराच्या मजकुरांत आहे हें खरें. परंतु सुतार, तेली, कोळी, महार ह्यांचें उभ्या आयुष्यांत एकदांच कागदावर आलेलें नांव त्या गाळलेल्या ओळींत असतें. तें गाळलें कीं तो मनुष्य पुन्हां कोठेंही सांपडत नाहीं.

कुलाब्याच्या किनाऱ्याचे कागद तीन सत्तांमध्यें विभागले गेले आहेत, हेंही शोधकानें विसरूं नये. अलिबाग, किहीम, झिराड हा मुलूख आंग्र्यांचा, व तें संस्थान १८४० सालीं खालसा झालें. श्रीवर्धनाकडील भाग जंजिऱ्याचा, व तें संस्थान १९४८ सालापर्यंत टिकलें. बाकीचा पेशव्यांचा व मागाहून इंग्रजांचा. म्हणून एकाच तेल्याच्या दोन मुलांचीं नांवें दोन निरनिराळ्या दप्तरांत असूं शकतात. ह्यांशिवाय जुन्या कबरस्तानांतील मराठी व हिब्रू शिलालेख, हिब्रू लग्नपत्रें, १८४६ च्या हगादेच्या किंवा पुण्यास १८७४ सालीं छापलेल्या दुसऱ्या हगादेच्या कोऱ्या पानांवर घरच्यांनीं लिहिलेल्या जन्ममृत्यूंच्या टिपा, आणि पलटणींच्या पटांतील गांवांच्या नोंदी, हीं सर्व साधनें ह्या कामीं उपयोगी पडतील. ज्यांच्या घरीं अशा पोथ्या असतील, त्यांनीं मजकुराबरोबर कोऱ्या पानांचीही नक्कल अवश्य घ्यावी.

दिवेआगर, श्रीवर्धन किंवा म्हसळें ह्या भागांतील अठराव्या शतकाच्या पूर्वार्धाच्या मोहतर्फ्याच्या यादी कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांनीं त्या नांवनिशीवार, एकही नांव न गाळतां प्रसिद्ध कराव्या. त्यांत कोठें ‘हसाजी तेली’ अशी नोंद निघाली, तर तोच समाजीचा बाप कीं दुसरा कोणी, हें काळ, गांव व घराण्यांतील इतर नांवें ताडून पाहूनच ठरवावें लागेल. परंतु ती यादी छापली जाईपर्यंत त्या तपासणीस आरंभच होऊं शकत नाहीं.